मेटाडाइन की पीसीएम?

घरच्या सिम्युलेटरवर लंडनची जुनी भुयारी गाडी चालवायची म्हटलं की बहुतेकांचं गाडं दोन नावांवर अडतं: 1937ची ओ स्टॉक, मेटाडाइनवाली, आणि 1938ची ट्यूब स्टॉक, पीसीएमवाली. स्टॉक म्हणजे गाड्यांचा प्रकार; मेटाडाइन आणि पीसीएम या मोटरांना किती वीज द्यायची ते ठरवण्याच्या दोन पद्धती. मी दोन्ही बांधून पाहिल्या, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

कागदावर मेटाडाइनला तोड नाही. रेझिस्टन्समध्ये वीज जाळत बसणं नाही. फिरतं यंत्र स्थिर व्होल्टेज घेऊन मोटरांना स्थिर करंट देतं, गाडी हिसका न देता वेग घेते. ब्रेक लावला की त्याच मोटरा वीज परत पाठवतात. आज मुंबई लोकलमध्ये जे रोज चालतं, ते मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीने तेव्हा करून दाखवलं होतं.

पण परत पाठवलेली वीज घेणार कोण? माझं डोकं फिरलं ते इथे. जवळपास दुसरी गाडी वेग घेत असेल तर ती घेते. नसेल, आणि सबस्टेशनात वीज एकाच दिशेने सोडणारे पाऱ्याचे रेक्टिफायर असतील, तर वीज मागे जातच नाही. मग हवेच्या ब्रेकवर या. रात्रीच्या वेळापत्रकात माझी गाडी दर स्टेशनला वेगळीच थांबायची. चूक कोडमध्ये शोधण्यात तीन रविवार गेले. चूक नव्हतीच. एका गाडीचा ब्रेक नीट लागायला अख्खी लाइन मांडायला हवी होती. कपभर चहासाठी म्हैस पाळण्यातला प्रकार! लंडनवालेही वैतागले असावेत: पन्नासच्या दशकात त्यांनी याच गाड्यांतलं मेटाडाइन काढून पीसीएम बसवायला घेतलं, आणि त्या 1981पर्यंत धावल्या.

पीसीएम त्यामानाने अडाणी. हवेच्या दाबाने फिरणारा कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवट्यांचा दांडा, एकेक रेझिस्टन्स वगळत जातो, बस. ब्रेक हवेचाच, सगळी ताकद ब्रेकच्या ठोकळ्यांत जळून जाते. वाया जाते, मान्य. पण जोरात थांबताना चाकं घसरू नयेत म्हणून तिथे पाऱ्याची नळी आहे. गाडीचा वेग फार झपाट्याने तुटू लागला की नळीतला पारा सरकतो आणि ब्रेकचा दाब आवरला जातो. सगळा कारभार गाडीच्या पोटात, बाहेर कोणाला विचारायला नको.

1938च्या या गाड्या इंग्लंडच्या वाइट बेटावर 2021च्या जानेवारीपर्यंत होत्या. राइड ते शँक्लिन मी एकदा बसलो होतो. वेग घेताना टप्प्याटप्प्याने मागून ढकलल्यासारखं होतं. मुंबईच्या जुन्या डीसी लोकलच्या दारात उभं राहून वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

चार-पाच मित्र मिळून एकाच लाइनवर गाड्या चालवणार असाल तर मेटाडाइन जरूर करा, मजा तिथेच आहे. एकटेच असाल तर मला वाटतं 1938ची घ्यावी. मेटाडाइनची फाइल मी अजून पुसलेली नाही. उभ्या गाडीतही चालू राहणारी तिची घरघर बनवायला फार रात्री गेल्या आहेत.