आल्प द्युएझचा २० वा टप्पा: पोगाचार, विंगेगार्ड की पुढे निसटलेला तिसराच?

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या २०२६ च्या मार्गात आल्प द्युएझ सलग दोन दिवस येतं. १९ वा टप्पा गॅपहून निघतो, १२८ किलोमीटरचा आहे आणि एकवीस वळणांच्या नेहमीच्या रस्त्याने वर पोचतो. त्यावर अंदाज बांधणं तुलनेने सोपं आहे. २० वा टप्पा मात्र अंगावर येतो: बूर्ग द्वाझांपासून आल्प द्युएझपर्यंत १७१ किलोमीटर आणि एकूण सुमारे ५६०० मीटरची चढाई. वाटेत क्रोआ द फेर, तेलेग्राफ, २६४२ मीटर उंचीचा गालिबिए आणि शेवटी मागच्या बाजूने सारेनचा घाट. दुसऱ्या दिवशी पॅरिस. म्हणजे ज्याच्या अंगात जे काही शिल्लक असेल, ते याच दिवशी काढायचं.

फँटसी संघात किंवा मित्रांच्या पैजेत या टप्प्यासाठी एकच नाव द्यायचं असेल, तर कोणाचं द्यावं? बहुतेक जण चढावर सर्वांत ताकदवान कोण एवढंच बघतात, आणि ते उत्तर गेली काही वर्षं सगळ्यांना पाठ आहे. तरीही अंदाज चुकतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: सकाळी जो गट पुढे निसटेल, त्याचा पाठलाग कोणता संघ करणार, आणि त्यातून त्या संघाला काय मिळणार?

२०२४ आणि २०२५ शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही वर्षी तादेय पोगाचारने टूर जिंकली आणि दोन्ही वर्षी दुसरा आला योनास विंगेगार्ड. २०२४ मध्ये पोगाचारने व्हालवार, प्ला दादे, प्लातो द बेय, इझोला २००० आणि कोल द ला कुयोल असे पाच डोंगरी टप्पे घेतले. त्या वर्षी डोळे मिटून त्याचं नाव लिहिणारा फायद्यात राहिला. २०२५ मध्ये त्याने ओताकामला विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंदांनी मागे टाकलं, तेही आदल्या दिवशी तुलूझमध्ये पडल्यानंतर. पाठोपाठ पेराग्युदची वैयक्तिक टाइम ट्रायलही, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यतही, जिंकली. आता उरलेले घाटही त्याचेच, असंच सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात सुपरबान्येर टायमेन आरेन्समनने घेतलं, मों व्हांतू वालंतां पारे-पँत्रने, कोल द ला लोझ बेन ओ'कॉनरने आणि ला प्लान्य पुन्हा आरेन्समनने. चारही डोंगरमाथे पोगाचारच्या हातून गेले, आणि तरी एकूण क्रमवारीतल्या पहिल्याला मिळणारी त्याची पिवळी जर्सी एकदाही धोक्यात आली नाही.

पेराग्युदनंतर त्याच्याकडे चार मिनिटांहून जास्त आघाडी होती. त्याला टप्प्याची गरज उरली नव्हती, तिसऱ्या आठवड्यात तो थकलेलाही दिसत होता, आणि त्याचा यूएई संघ कोणासाठी दिवसभर घोळक्याच्या पुढे वाऱ्यात राबायला तयार नव्हता. मग आघाडी मोठी असली की पुढचा गट जिंकतो, असं सरळ सूत्र मांडता येईल का? नाही. २०२४ मध्येही शेवटच्या दोन घाटांआधी त्याच्याकडे तीन मिनिटांहून जास्त आघाडी होती आणि दोन्ही टप्पे त्यानेच घेतले. इझोला २००० ला पुढे निसटलेल्या मॅटेओ जॉर्गेन्सनला त्याने अगदी शेवटच्या टप्प्यात गाठलं. कुयोलला पाठलागाचं बरंच काम रेमको एवेनपूलच्या संघाने केलं, कारण एवेनपूलला विंगेगार्डकडून दुसरा क्रमांक हिसकवायचा होता. त्या धडपडीचं फळ पोगाचारच्या पदरात पडलं. म्हणून एकूण क्रमवारी बघताना नजर पहिल्या दोघांवरच थांबवू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात किती सेकंदांचं अंतर आहे, हे तितकंच महत्त्वाचं आहे.

पोगाचार आणि विंगेगार्ड समोरासमोर

पाठलाग होणार असं तुमचं मत झालं, तर निवड या दोघांतच करावी लागते. बाकी नावं मनाला कितीही भावली तरी.

पोगाचारबद्दल एक जुनी समजूत आहे: खूप उंचावर, लांब घाटांची रांग असली आणि ऊन असलं की तो ढेपाळतो. ही समजूत हवेतून आलेली नाही. २०२२ मध्ये गालिबिएवरून २४१३ मीटर उंचीच्या कोल द्यु ग्रानोंला जाताना विंगेगार्ड आणि त्याचा तेव्हाचा सहकारी रोग्लिच यांनी आळीपाळीने हल्ले चढवून त्याला दमवलं, आणि शेवटच्या घाटात त्याने विंगेगार्डला २ मिनिटं ५१ सेकंद गमावले. पुढच्या वर्षी कोल द ला लोझवर त्याहून वाईट झालं. रेडिओवरून आपण संपलो असं त्याने स्वतःच संघाला कळवलं, आणि विंगेगार्डच्या पावणेसहा मिनिटं मागे तो पोचला. तो दिवस पाहिलेल्या माणसाला आजही वाटतं की २३०० मीटरच्या वर गेलं की याचं काही खरं नाही.

पण त्यानंतरचा पुरावाही तितकाच ठोस आहे. २०२४ मध्ये याच गालिबिएच्या माथ्याजवळ त्याने हल्ला केला आणि व्हालवारपर्यंतच्या उतारावर अंतर वाढवत टप्पा जिंकला. त्याच वर्षी २८०० मीटरच्या बोनेतवरून जाऊन त्याने इझोला २००० घेतलं. २०२५ मध्ये लोझवर तो विंगेगार्डच्या काही सेकंद पुढेच होता. त्यामुळे निव्वळ उंचीचा मुद्दा घेऊन त्याच्या विरोधात जाऊ नका. त्याचा उतारावरचा हात आणि शेवटच्या पाचशे मीटरांतला वेग यांना विंगेगार्डकडे उत्तर नाही, आणि सारेनच्या माथ्यानंतर आल्प द्युएझपर्यंतचा तुकडा सलग चढाचा नाही. शेवटी दोघंच सोबत उरले, तर टप्पा पोगाचारचा.

विंगेगार्डचं बळ वेगळ्या जागी आहे. तो हलका आहे, आणि एकसारख्या तीव्र चढावर तासभर एकाच लयीत जाण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे. २०२२ चं ओताकाम आठवा: त्याच्या व्हिस्मा संघातल्या वाउट व्हॅन आर्टने शेवटच्या घाटात ओढून पोगाचारला मागे टाकायला मदत केली आणि विंगेगार्डने पुढचं काम पूर्ण केलं. त्याचे मोठे विजय बहुधा असे संघाने रचलेले असतात. म्हणूनच त्याचं नाव लिहिण्याआधी त्याचे किती सहकारी अजून शर्यतीत आहेत आणि आदल्या दिवशी ते कितव्या किलोमीटरला गळले, ते पाहा. २०२४ चा पोगाचारमागचा त्याचा दुसरा क्रमांक मोजताना हेही लक्षात ठेवा, की त्याच एप्रिलमध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत पडून त्याचं फुप्फुस आकसलं होतं, गळपट्टीचं हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या. तरी प्लातो द बेयवर त्याने इतक्या वेगात हल्ला केला की पोगाचारला तो टप्पा जिंकायला मार्को पांतानीचा १९९८ चा विक्रम मोडावा लागला. हा माणूस संपला असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र २०२५ मध्ये व्हांतूवर त्याने पुन्हा पुन्हा हल्ले केले आणि प्रत्येक वेळी पोगाचार मागच्या चाकाला चिकटून राहिला, हेही तितकंच खरं.

दोघांतच निवडायचं, तर २० व्या टप्प्यासाठी मी पोगाचार लिहीन. अपवाद एकच: १९ व्या टप्प्यात एकवीस वळणांवर विंगेगार्डने त्याला उघडपणे मागे टाकलं असेल. थकव्याची अशी खूण एका रात्रीत पुसली जात नाही.

पुढे निसटलेल्या गटातला माणूस

खरी चुरस इथे आहे, आणि अंदाज बांधण्याची मजाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून पहिल्यांदा पेलोटॉन जाताना पाहिला. सपाट रस्त्यावर त्या घोळक्याच्या आत बसलेल्याची एक तृतीयांश ताकद सहज वाचते. घाटात वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास आला की ही बचत फारशी उरत नाही. त्यामुळे पुढे निसटलेल्याला पकडायचं तर ते घाटाआधी दरीतल्या सपाट रस्त्यावर पकडावं लागतं, आणि तिथे राबायला माणसं लागतात.

२०२५ चा लोझचा टप्पा याचं उत्तम उदाहरण. व्हिस्माने मादलेनच्या घाटात शर्यत फोडली, विंगेगार्डने हल्ला केला, पोगाचार त्याच्यासोबत गेला आणि दोघं पुढच्या काही जणांपर्यंत पोचलेही. मग दरी आली. दोघांपैकी कोणीही वाऱ्याला तोंड द्यायला तयार नव्हता, वेग मंदावला, मागचे येऊन मिळाले. तेवढ्या वेळात ओ'कॉनर एनेर रुबिओ आणि जॉर्गेन्सन यांच्यासोबत पुढे निघून गेला आणि शेवटच्या घाटात एकट्याने टप्पा घेतला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. २०२२ मध्ये टॉम पिडकॉकने आल्प द्युएझ जिंकलं तेही असंच. गालिबिएच्या उतारावर त्याने विलक्षण सायकल चालवून पुढचा गट गाठला, आणि मागे पोगाचार व विंगेगार्ड एकमेकांवर नजर ठेवून बसले होते.

या प्रकारातला योग्य माणूस शोधताना सर्वांत आधी एकूण क्रमवारीतलं त्याचं अंतर पाहावं. तो पंधरा-वीस मिनिटं मागे असला तर कोणाला त्याची भीती नाही. फेलिक्स गालचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०२३ मध्ये तो पुढे जाऊ शकला आणि लोझ जिंकला. २०२५ मध्ये तो पहिल्या पाचांत शर्यत संपवणार होता, मग त्याला मोकळं सोडण्यात कोणाला रस असणार? ताकद वाढली आणि टप्पा जिंकण्याची संधी मात्र कमी झाली. आरेन्समनचं ला प्लान्य याच्या उलट. तो पुढच्या गटातून नाही, तर शेवटच्या घाटात थेट मातब्बरांमधून निघाला, आणि क्रमवारीत बराच मागे असल्याने दोघांपैकी कोणीही लगेच त्याच्यामागे गेलं नाही. दोन सेकंदांनी तो वाचला.

इथे एक सापळा आहे. मोठ्या संघांतला जो चढाईपटू सकाळी पुढे जातो, तो अनेकदा स्वतःसाठी गेलेला नसतो. २०२५ च्या जिरो द'इतालियात, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, फिनेस्त्रेच्या घाटाच्या दिवशी व्हॅन आर्ट असाच पुढे गेला होता. त्याच्याच संघाचा सायमन येट्स घाटात एकटा सुटला, माथ्यापलीकडे व्हॅन आर्टने त्याला ओढलं, आणि मागे त्याचे प्रतिस्पर्धी देल तोरो व कारापाझ एकमेकांकडे बघत राहिले. येट्सला तिथल्या एकूण आघाडीची गुलाबी जर्सी मिळाली. टप्पा मात्र पुढच्या गटातल्या ख्रिस हार्परने जिंकला, आणि त्याचं नाव फार थोड्यांनी लिहिलं असेल. म्हणून व्हिस्मा किंवा यूएईचा माणूस पुढे दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याला मध्येच थांबायचा आदेश येऊ शकतो. ज्या संघाला एकूण क्रमवारीत काही मिळवायचं उरलेलं नाही, तिथला चढाईपटू निवडावा.

२० व्या टप्प्याची रचना अशा माणसाच्या बाजूची आहे. बूर्ग द्वाझां सोडलं की लवकरच क्रोआ द फेरचा लांबलचक घाट सुरू होतो. टप्प्याची सुरुवात सपाट असली की धिप्पाड, दणकट माणसं जोर लावून पुढे जातात आणि डोंगरात गळतात. इथे पुढचा गट चढावरच तयार होईल, म्हणजे त्यात खरेच डोंगरातले लोक असतील. शिवाय सर्वोत्तम चढाईपटूच्या टिपक्यांच्या जर्सीचा निकाल लागलेला नसेल, तर गालिबिएच्या गुणांसाठी त्यातले दोन-तीन जण जीव तोडून जातील. माथ्यांवर गुण वेचत जाणारा मात्र सारेनपर्यंत रिकामा होतो, हे ध्यानात असू द्या. गुणांच्या मागे नसलेला, शांतपणे खात-पीत आलेला त्याचा सोबती जास्त चांगली निवड.

नाव केव्हा पक्कं करायचं? १९ वा टप्पा संपल्यावरच, त्याआधी नाही. त्या संध्याकाळी निकालाचं पान उघडून आधी तळापासून वाचा. ज्याने शुक्रवारी एकवीस वळणांवर मुद्दाम वीस-पंचवीस मिनिटं घालवली, मागच्या गटातून निवांत वर आला, आणि पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या डोंगरी टप्प्यावर पहिल्या पाचांत होता, तो शनिवारसाठी पाय राखून आहे. ओ'कॉनर, आरेन्समन, बेन हीली यांच्यापैकी कोणी अशा अवस्थेत सापडला, तर त्याला पहिली पसंती.

पिवळी जर्सी तीन मिनिटांहून जास्त पुढे असेल आणि पोडियमवरच्या पहिल्या तीन जागाही एकमेकांपासून दूर असतील, तर मी पोगाचारला सोडून असाच माणूस लिहीन. पहिल्या दोघांत मिनिटभरापेक्षा कमी अंतर असेल, तर पुढच्या गटाचा विचारच नको, दोन्ही संघ गालिबिएपासून ओढतील आणि नाव पोगाचारचं. मधली अवस्था सर्वांत अवघड: पिवळी जर्सी सुरक्षित, पण दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी वीस-तीस सेकंदांची झुंज. तेव्हा कुयोल आठवावं. दुसऱ्या क्रमांकासाठी राबणारा संघ पुढच्या गटाला गिळतो, आणि त्या संघाचा नेता नव्हे तर पोगाचार जिंकतो. अशा वेळी मुख्य नाव त्याचं ठेवून राखीव जागेवर पुढच्या गटातला माणूस घ्यावा.