आठ महिने व्हॉट्सॲप बिझनेस आणि मामीच्या खारोड्या

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप, टाकलं, आता नोव्हेंबर उजाडलाय. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "कसं आहे रे ते ॲप, आम्ही घेऊ का?" असं वर्गातल्या पाचसहा जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. ॲप चांगलं आहे. मी मात्र पहिले तीन महिने ते चुकीच्या गावात वापरलं.

आधी माल सांगतो. उमरेडची मामी दर उन्हाळ्यात ज्वारीच्या खारोड्या घालते, म्हणजे तळून खायचं वाळवण. तीळ, लसूण, मिरची घालून भरड शिजवायची आणि गच्चीवर धोतरावर छोटे छोटे गोळे टाकायचे. आमचं ऊन तर फुकटच. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, त्या गावात ड्रायर कशाला लागतो? संत्रा बर्फीचा विचार एक संध्याकाळभर केला आणि सोडला. ज्या शहरात हल्दीराम आहे तिथे विद्यार्थ्याने बर्फीच्या नादी लागू नये.

वर्गात प्रा. सरस सरस्वती यांचं इफेक्च्युएशन शिकवलं होतं. त्यांनी २७ अनुभवी उद्योजक कसा विचार करतात ते तपासलं आणि २००१ मध्ये मांडणी केली. त्यातल्या दोन गोष्टी मला कळल्या. एक, हातात आहे त्यातून सुरुवात करायची. दोन, किती मिळेल हे मोजण्याआधी किती बुडालं तर चालेल ते ठरवायचं. माझ्या हातात मामी, बाबांची जुनी स्कूटी आणि एक फोन होता. बुडालं तर चालेल असा आकडा पाच हजार ठरवला. त्यातून पाऊच, लेबलं आणि एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी झाली. नोंदणी तेव्हा वर्षाला शंभर रुपयांची होती, पण पाकिटावर १४ आकडी क्रमांक आला की घेणाऱ्याचा चेहरा बदलतो. उरलेले पैसे जाहिरातीला ठेवले, आणि तिथेच शहाणपण संपलं.

धरमपेठेतल्या एका क्लासमध्ये दोन रविवार डिजिटल मार्केटिंग शिकलो होतो. तिथे दोन मंत्र मिळाले. किंमत लिहू नका, लोकांना मेसेज करायला लावा. आणि आपल्या शहरापासून सुरुवात करा. मी आज्ञाधारकपणे इन्स्टाग्रामवर नागपूर निवडलं, भोवती ८० किलोमीटरचं वर्तुळ टाकलं आणि १,५०० रुपयांची जाहिरात लावली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,७७० गेले. एकसष्ट मेसेज आले! मी हुरळून मामीला फोन केला. मेसेज असे होते: "रेट?", "भाऊ रेट काय", "शॉप कुठे आहे", "प्राइस प्लीज". एकाने नुसता अंगठा पाठवला. ऑर्डरी चार. म्हणजे एका ऑर्डरीमागे जाहिरातीचाच खर्च ४४२ रुपये ५० पैसे, आणि माझं पाव किलोचं पाकीट १६० रुपयांचं. हे गणित मी वहीत तीनदा केलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं.

मामी तेव्हाच म्हणाली होती, "नागपुरात कोण खारोड्या विकत घेते, बाप्पा? सगळ्याइच्या घरी एक मामी असते." मी तिला टार्गेट ऑडियन्स समजावून सांगत होतो. आता आठवलं की लाज वाटते, कारण तिने एका वाक्यात जे सांगितलं ते मला १,७७० रुपयांत कळलं. महाल असो की नंदनवन, खारोडी ज्याला आवडते त्याला ती घरचीच मिळते. विकत घेईल तो, ज्याच्या आसपास मामी नाही.

तो सापडला पुण्यात, वाकडला. ताईची एक मैत्रीण तिथे राहते, तिने सोसायटीच्या ग्रुपवर तळलेल्या खारोड्यांचा फोटो टाकला. एका आठवड्यात अकरा ऑर्डरी, जाहिरात शून्य. बहुतेक जण विदर्भातले, आयटीत लागलेले. एकाने लिहिलं, "आई गेल्यापासून खाल्ल्या नाहीत." त्याला काय उत्तर द्यायचं ते ॲपच्या कुठल्याच क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या उत्तरात, नव्हतं.

इथून पुढे ॲप खरं कामाला आलं. कॅटलॉगमध्ये चारच वस्तू आहेत, पण किंमत, वजन, टिकण्याची मुदत सगळं उघड लिहिलं. चौकश्या निम्म्यावर आल्या, ऑर्डरी तेवढ्याच राहिल्या. किंमत लपवून मी फक्त स्वतःचं टायपिंग वाढवत होतो. क्विक रिप्लायमध्ये पत्ता मागायचा मजकूर आणि यूपीआयचा तपशील ठेवलाय. तिरपी रेघ मारून एक शब्द लिहिला की सगळा मजकूर समोर येतो.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, मात्र आधी वाचून घ्या, मी वाचलं नव्हतं. एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोहोचतो. आखाडात पाऊस लागला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने शंभरावर लोकांना "गरम चहा, कुरकुरीत खारोड्या" पाठवलं आणि बहुतेकांसमोर एकच राखाडी खूण राहिली. तेव्हापासून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी टाकतो: नंबर "खारोडीवाला" नावाने सेव्ह करा.

ग्रीटिंग मेसेजची तर वेगळीच गंमत. पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला किंवा १४ दिवस बोलणं नसलेल्याला तो आपोआप जातो. मी वेगळं सिम न घेता स्वतःच्याच नंबरवर धंदा मांडलेला. प्रोजेक्टच्या तारखेबद्दल एचओडी सरांचा मेसेज आला आणि त्यांना लगेच उत्तर गेलं: "नमस्कार! मामीच्या खारोड्यांत आपलं मनापासून स्वागत आहे." सरांनी पाच मिनिटांनी लिहिलं, "रेट?" वेगळं सिम घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाची सोय म्हणजे ॲपमध्ये गिऱ्हाईकांना लावायची लेबलं. वीसपर्यंत करता येतात. सुरुवातीला क्लासच्या पद्धतीने "लीड", "हॉट लीड" असं काहीबाही केलं होतं. आता माझी लेबलं अशी आहेत: "तिखट कमी", "लसूण नको", "आईसाठी नेतात", "पैसे द्यायचे विसरतात". इतवारीतला जुना किराणावाला हे सगळं डोक्यात ठेवतो, माझं डोकं तेवढं नाही. वाकडच्या त्या दादाला दुसऱ्या वेळी न विचारता कमी तिखटाचं पाकीट पाठवलं तर त्याने आणखी चार जणांचे नंबर दिले.

पोहोचवण्यात मार खाल्ला. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका खासगी कुरिअरने कुरोड्या, म्हणजे कुरडया, पाठवल्या. पुण्यात पोहोचला तो भुगा. पैसे परत केले. भरपाई मागत त्यांच्याकडे दोन चकरा मारल्या, मग नाद सोडला. कुरोड्या बंद. खारोडी दगडासारखी असते, स्पीड पोस्टने आजवर एकही तक्रार नाही. पॅकेजिंगचं आख्खं प्रकरण अभ्यासून जे सुचलं नाही ते त्या भुग्याने सुचवलं: प्रवास सोसेल असाच माल निवडायचा.

आणि एक गोष्ट नागपूरकरांनी आधीच माहीत करून घ्यावी. वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतात. पण माल राज्याबाहेर गेला की अशा खाद्यवस्तूंना ही सूट राहत नाही, हे कुणी सांगत नाही. आपण राज्याच्या टोकाला बसलेलो. सातशे किलोमीटरवरच्या पुण्याला मी बिनधास्त पाठवतो आणि तीनशे किलोमीटरवरच्या रायपूरच्या बाईंना नाही म्हणतो. हैदराबादच्या दोन ऑर्डरी अशाच सोडल्या. नोंदणी केली तर महिन्याचा हिशेब कोण बघणार? सध्या तरी हिंमत नाही.

जाहिरात पुन्हा लावली का? तान्ह्या पोळ्याला, म्हणजे आमच्याकडच्या पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, एकदा, फक्त पुण्यापुरती, पाचशे रुपयांची. भाच्याचा लाकडी बैल, त्याच्यापुढे खारोड्यांची वाटी, किंमत फोटोवरच लिहिलेली. चौदा मेसेज, सहा ऑर्डरी. त्यातल्या तिघांनी दिवाळीला पुन्हा मागवल्या. पैसे जेमतेम निघाले, पण ते तिघं यादीत राहिले. जाहिरातीतलं मला अजून फार कळत नाही, एवढं दिसलं की तान्हा पोळा म्हणजे काय हे ज्याला सांगावं लागत नाही तोच थांबून बघतो.

पैशांचं विचाराल तर मामीचा वाटा, पाऊच आणि टपाल जाऊन आठ महिन्यांत माझ्या हाती दोन सेमिस्टरच्या झेरॉक्स आणि पेट्रोलपुरते आले. ॲपची मोफत आवृत्ती एवढ्या व्यापाला पुरून उरते. ज्यांचा माल रोज ताजा लागतो, म्हणजे कोथिंबिरीची सांबारवडी वगैरे, त्यांना माझा अनुभव फारसा उपयोगी नाही; त्यांचं गिऱ्हाईक नागपुरातच आहे आणि त्यांनी ते वर्तुळ खुशाल टाकावं.

दिवाळीत माल संपला. गच्चीवर ऊन येईपर्यंत नवीन नाही. "पुढच्या मे मध्ये" असं एक लेबल केलंय, त्यात सध्या तेवीस नावं आहेत. मामीला यादी वाचून दाखवली तर म्हणाली, "त्या तेवीस जणाइले आताच विचारून ठेव किती किती पाह्यजे ते, तीळ महाग होऊन राहिले."