साच्यातली अक्षरे आणि कबरीतले हात: 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', आठ महिन्यांनंतर

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या 1950 च्या दशकातल्या अमेरिकी भयकथा-कॉमिकच्या पुनर्मुद्रणाचा पहिला खंड घेऊन आठ महिने झाले. आज लिहायला बसण्याचे कारण मात्र भुते नसून डिंक आहे. कोरा म्हणून ऑनलाइन घेतलेल्या या खंडाची पाने जुलैच्या दमट हवेत सुटू लागली, तेव्हा पाठीच्या आत डिंकाचे दोन थर दिसले. म्हणजे कुणाची तरी परत आलेली प्रत चिकटवून विक्रेत्याने ती माझ्या माथी मारली होती. सात दिवसांची मुदत उलटल्याचे सांगून त्याने हात वर केले. शेवटी पेठेतल्या बाइंडरने अडीचशे रुपयांत खंड शिवून दिला. मूळ अंक दहा सेंटना मिळत, हे आठवले की ते अडीचशे अधिकच बोचतात.

माझी खरी तक्रार मात्र अक्षरांची आहे. ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षे स्टेन्सिलवर पेन फिरवल्यामुळे पहिल्याच पानावर ओळख पटली: ईसी या त्याच्या प्रकाशनसंस्थेच्या बहुतेक भयकथांतला मजकूर मोकळ्या हाताने लिहिलेला नसून नकाशेवाल्यांच्या 'लेरॉय' साच्याने काढलेला आहे. कबरीतून कुजलेला हात वर येतो आहे आणि त्याच्या डोक्यावरची ओळ जणू पाण्याच्या टाकीची मापे सांगते आहे. त्यातच संपादक-लेखक अल फेल्डस्टीन मजकूर थेट चित्राच्या बोर्डावरच लिहीत. त्यावर अक्षरे चढत आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने आपला संसार मांडायचा. चित्रात दिसते तेच वर वाचायला का लावता, अशी कुरकुर करत मी महिनाभर पाने उलटली. त्या वेळी लिहिले असते, तर पाचांपैकी दोनच गुण दिले असते.

चौथ्या महिन्यात कॉलेजात शिकणारी भाची राहायला आली. एका रात्री वीज गेली, तेव्हा टॉर्चच्या उजेडात मी तिला एक कथा मराठी करत मोठ्याने वाचून दाखवली. फेल्डस्टीन पुष्कळदा कथेतल्या माणसालाच उद्देशून लिहितात: तू दार ढकलतोस, तुला वास येतो. दुसऱ्याच पानावर भाचीने चित्रांवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "मामा, चित्र नंतर बघू, तू नुसता वाच." तेव्हा लक्षात आले की त्या निर्विकार अक्षरांना सूर आहे, पंचनामा वाचणाऱ्याचा आवाज चढत नाही, म्हणूनच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

त्यानंतर 'द हॉन्ट ऑफ फिअर' या ईसीच्याच दुसऱ्या भयकॉमिकचा एक खंड मित्राकडून मागून आणला (फुकट, आणि बांधणीही शाबूत). 'घास्टली' अशी सही करणारे चित्रकार ग्रॅहम इंगल्स यांची लाळ गाळणारी, वितळल्यासारखी माणसे त्या ताठ अक्षरांखाली अधिकच ओंगळ दिसतात. पुनर्मुद्रणात संगणकाने चढवलेल्या छटा मात्र मला आजही खटकतात. मूळ अंक रंगवणाऱ्या मेरी सेव्हेरिन यांचे सपाट रंग या रेषांना पुरेसे होते.

1954 मध्ये कॉमिक्समुळे मुले बिघडतात का, हे तपासणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे ईसीचे प्रकाशक विल्यम गेन्स यांची साक्ष झाली आणि त्याच वर्षी आलेल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीने, शीर्षकांतून 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दच हद्दपार केले. 1950 मध्ये आधीच्या एका कॉमिकचे क्रमांक पुढे चालवत 17 व्या क्रमांकापासून सुरू झालेली ही मालिका 1955 मध्ये 46 व्या अंकावर थांबली. तीस अंक, सहा-सहाचे पाच खंड. खर्चाला निदान अंत आहे. दुसरा खंड मी घेणार आहे, पण दुकानात जाऊन, पाठ पूर्ण उघडून आणि आतला डिंक बोटाने चाचपून.