एका फोनमध्ये दोन बिऱ्हाडं: दुसरा युजर की वर्क प्रोफाइल?

ऑफिसचं आणि घरचं एकाच फोनवर वेगळं ठेवायचं तर अँड्रॉइडवर मुख्यतः दोन वाटा आहेत: दुसरा युजर उघडायचा, नाहीतर वर्क प्रोफाइल करायचं. फोनवर दोन्ही २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहेत. मी आधी दुसऱ्या युजरवर आठ-नऊ महिने काढले आणि आता दोनेक वर्षं वर्क प्रोफाइलवर आहे, तेव्हा माझं मत कुठे झुकणार ते समजून घ्या.

दुसरा युजर म्हणजे वाड्यातलं वेगळं बिऱ्हाड. वॉलपेपर वेगळा, गॅलरी वेगळी, पासवर्ड वेगळा. ऑफिसच्या बाजूला गेलं की घरचं काही दिसतच नाही. पहिले पंधरा दिवस मला याचं फार कौतुक होतं. सेटिंगमधून परवानगी दिली की साधे कॉल आणि एसएमएस दुसऱ्या बाजूलाही येतात, म्हणून मी निर्धास्त होतो.

पण व्हॉट्सॲपचं काय? माझ्या फोनवर तरी एका बाजूचं नोटिफिकेशन दुसऱ्या बाजूला येत नसे. एका दुपारी मी ऑफिसच्या बाजूला एक्सेल उघडून बसलो होतो. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी ग्रुपवर टाकलं होतं, ‘गाडी पंक्चर आहे, मुलांना घ्यायला या.’ मेसेज १२:४० चा, मी बाजू बदलली दीड वाजता. पोहोचलो तेव्हा लेक वॉचमनच्या स्टुलावर बसून डब्यातली उरलेली चकली खात होती. तिला त्याचं काही नव्हतं. बायको मात्र म्हणाली, “एकतर दोन फोन घे, नाहीतर आहे तो नीट वापर.”

त्यानंतर दर अर्ध्या तासाने बाजू बदलून पाहायची सवय लागली. प्रत्येक वेळी लॉक उघडा, स्क्रीन जागेवर यायची वाट बघा. लक्ष विभागू नये म्हणून केलेली सोय, आणि लक्ष सारखं पलीकडेच!

वर्क प्रोफाइलमध्ये हे होत नाही, कारण तिथे बाजू बदलावीच लागत नाही. ऑफिसची ॲप घरच्या ॲपशेजारीच असतात, फक्त आयकॉनवर छोटी ब्रीफकेस असते. डेटा मात्र वेगळा. नोटिफिकेशन दोन्हीकडची येतात आणि संध्याकाळी एक बटण दाबलं की ऑफिसची सगळी ॲप राखाडी होऊन गप्प बसतात. स्वतःच्या फोनवर कंपनीने प्रोफाइल टाकलं असेल, तरी तिचा ताबा त्या प्रोफाइलपुरता; घरचे फोटो तिला दिसत नाहीत, आणि नोकरी सोडताना तिने पुसलं तर तेवढंच पुसलं जातं. कंपनीचं नसेल तर शेल्टर किंवा आयलंड ही ॲप वापरून आपलं आपण करता येतं. मी तसंच केलंय.

कुरकुरी इथेही आहेत. ओटीपी घरच्या बाजूच्या मेसेजमध्ये येतो आणि ऑफिसच्या ॲपमध्ये तो आपोआप भरला जात नाही, हाताने टाकावा लागतो. फोटो शेअर करताना ‘वैयक्तिक’ आणि ‘वर्क’ असे दोन टॅब येतात. घाईत मी अजूनही चुकीच्या टॅबवर जातो. भिंतही तितकी पक्की वाटत नाही. फोन तासभर मुलांच्या हाती द्यायचा असेल तर दुसरा युजरच बरा, हे मी मान्य करतो.

आणि तुमचं दुखणं फक्त दोन व्हॉट्सॲप नंबरांचं असेल तर यातलं काहीच करू नका. २०२३ पासून एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात. आयफोनवाल्यांना मात्र दुसरा युजर किंवा असं वर्क प्रोफाइल आयतं मिळत नाही. फोकस मोड आहे, पण तो नोटिफिकेशन दाबतो, डेटा वेगळा करत नाही.

दिवसभर दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागत असेल तर माझ्या मते वर्क प्रोफाइल करून बघायला हरकत नाही. फक्त ते काढून टाकायच्या आधी आतले फोटो आणि फाइली बाहेर घ्या. प्रोफाइल गेलं की आतलं सगळं जातं, आणि मी एकदा तीन महिन्यांच्या बिलांचे फोटो असेच घालवलेत.