लक्सर ते आस्वान: क्रूझने जावे की रस्त्याने?

इजिप्तची सहल ठरवताना कैरो, गिझाचे पिरॅमिड आणि सक्कारा यांविषयी घरात फारसा वाद होत नाही. घोळ होतो तो पुढच्या चार-पाच दिवसांवरून. लक्सर आणि आस्वान यांच्यामध्ये रस्त्याने दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक अंतर आहे, आणि याच पट्ट्यात नाईलच्या काठावरची मोठी मंदिरे, आणि हिरवी शेते संपून वाळवंट सुरू होते त्या कडेला खोदलेली थडगी आहेत. हा पट्टा पाहण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत. ग्रुप टूरबरोबर नदीतील क्रूझ घ्यायची, किंवा लक्सर आणि आस्वान येथे हॉटेलात राहून स्थानिक गाइड आणि गाडी ठरवायची. बहुतेक जाहिराती ही निवड आरामाच्या भाषेत मांडतात. माझ्या मते ती वेळेच्या भाषेत मांडायला हवी, म्हणजे कोणत्या ठिकाणी किती तास मिळतात आणि ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी मिळतात, हे पाहायला हवे.

क्रूझचे वेळापत्रक बहुतेक ठरलेले असते. लक्सरहून आस्वानला जाताना चार रात्री, उलट दिशेने तीन. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे आस्वानला जाणारे जहाज प्रवाहाविरुद्ध चाललेले असते. मात्र चार रात्रींचा हिशेब जरा बारकाईने पाहावा. पहिली रात्र बहुधा लक्सरच्या धक्क्यालाच जाते आणि शेवटची आस्वानच्या. प्रत्यक्ष नदीप्रवास मधल्या काळात उरतो. धक्क्याला तीन-चार जहाजे एकमेकांना लागून बांधली जातात, तेव्हा खिडकीतून नाईलऐवजी शेजारच्या जहाजाची खिडकी दिसते, आणि काठावर उतरण्यासाठी इतर जहाजांच्या स्वागतकक्षांतून चालत जावे लागते. हे सांगण्यामागे क्रूझला नावे ठेवण्याचा हेतू नाही. एडफूपासून कोम ओम्बोपर्यंत डेकवर बसून दोन्ही तीरांवरच्या खजुरांच्या रांगा, उसाची शेते आणि लगेच त्यांच्यामागे उभी राहणारी पिवळी वाळू पाहणे हा या सहलीतील निर्विवाद आनंद आहे, आणि तो गाडीच्या खिडकीतून मिळत नाही. एस्ना येथील जलपाशात, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणाऱ्या दारबंद कोंडीत, आपला क्रमांक येण्याची वाट पाहत जहाज थांबते, तेव्हा होड्यांतून आलेले विक्रेते प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले झगे आणि टेबलक्लॉथ थेट वरच्या डेकवर फेकतात व खालून भाव सांगतात. घासाघिशीत मुरलेल्या माणसालाही क्षणभर काय करावे हे सुचत नाही.

तीरावरच्या मंदिरांपुरते बोलायचे, तर दोन्ही पद्धतींचे पारडे जवळपास समान आहे. कोम ओम्बोचे मंदिर अगदी काठावर असल्यामुळे जहाजातून उतरून चालत जाता येते. मगरमुखी सोबेक आणि ससाणारूपी हरोएरिस या दोन देवांसाठी दोन द्वारे, दोन गाभारे अशी त्याची जुळी रचना आहे, आणि शेजारच्या लहान संग्रहालयात मगरींच्या ममी ठेवल्या आहेत. येथे संध्याकाळी सगळी जहाजे एकदमच येतात, त्यामुळे दिव्यांच्या उजेडातले मंदिर सुंदर दिसते खरे, पण एका भिंतीसमोर पाच भाषांतील पाच गाइड एकाच वेळी बोलत असतात. एडफूचे ससाणारूपी देव होरसचे मंदिर इसवी सनपूर्व २३७ मध्ये बांधायला घेतले आणि इसवी सनपूर्व ५७ मध्ये पूर्ण झाले. शतकानुशतके वाळूखाली गाडले गेल्यामुळेच ते इतके अखंड राहिले आहे. क्रूझचे प्रवासी तेथे बहुधा भल्या सकाळी, घोडागाडीने, लोंढ्याने पोहोचतात. लक्सरहून गाडीने निघालेला प्रवासी जरा उशिरा पोहोचला, तर जहाजे पुढे गेलेली असतात आणि अंगणात ससाण्याचा ग्रॅनाइटचा पुतळा निवांत पाहता येतो. त्याची किंमत उन्हात चुकवावी लागते, हेही लक्षात घ्यावे.

खरा फरक पडतो तो लक्सरच्या पश्चिम तीरावर. क्रूझच्या कार्यक्रमात या तीराला एक सकाळ मिळते. त्या वेळेत राजांच्या खोऱ्यातील तीन थडगी, हत्शेप्सुत राणीचे दैर अल-बहरी येथील मंदिर आणि परतताना मेम्नॉनचे दोन भव्य पुतळे उरकले जातात. ‘उरकले’ हाच शब्द येथे योग्य आहे. खोऱ्याच्या साध्या तिकिटात तीन थडग्यांचा समावेश असतो. तुतनखामेन आणि पहिला सेती यांच्या थडग्यांसाठी वेगळे तिकीट लागते. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला सापडलेले तुतनखामेनचे थडगे प्रसिद्ध असले, तरी आकाराने लहान आहे आणि चित्रेही एकाच दालनात आहेत. चित्रांसाठीच जायचे असेल, तर सेतीच्या थडग्याचे तिकीट घ्यावे असे मी सुचवेन. परंतु ग्रुपच्या घड्याळात ही निवड क्वचितच बसते, कारण एका माणसासाठी तीस जणांची बस थांबत नाही.

मुक्काम करणाऱ्याला याच तीरावर दोन पूर्ण दिवस देता येतात, आणि दुसरा दिवस पहिल्याहून मोलाचा ठरतो. मेदिनेत हाबू हे तिसऱ्या रामसेसचे मंदिर पूर्व तीरावरच्या कर्नाकच्या मंदिरसमूहाइतकेच भव्य वाटते, तेथे छतांवर आणि खांबांवर जुना रंग अजून टिकून आहे, आणि दुपारनंतर तेथे शुकशुकाट असतो. दैर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव. दिवसभर राजांसाठी काम करणाऱ्या या माणसांनी स्वतःसाठी खोदलेली लहान थडगी राजांच्या थडग्यांपेक्षा ताज्या रंगांची आहेत. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या राजवर्षी शिधा थकला म्हणून याच कारागिरांनी काम बंद ठेवले होते, आणि इतिहासात नोंदला गेलेला तो सर्वांत जुना संप मानला जातो. गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या घरातून आलेल्या मराठी माणसाला हे गाव गाळून परतावे लागणे मला तरी खटकते. शिवाय लक्सरला चार रात्री असतील, तर उत्तरेकडील डेंडेराचे हाथोर देवीचे मंदिर आणि त्याहून लांबचे अबिडोसचे मंदिर हेही एका दिवसात होते. नेहमीच्या क्रूझ त्या बाजूला जातच नाहीत.

पूर्व तीरावरच्या कर्नाकला मात्र दोन्ही प्रकारचे प्रवासी पुरेसा वेळ देऊ शकतात. १३४ खांबांचा तेथील सभामंडप गर्दीतही आपला आब राखतो.

आस्वानला पोहोचल्यावर दोन्ही वाटा एक होतात. फिलीच्या मंदिराला मोटरबोटीनेच जावे लागते. आस्वानच्या धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी १९७० च्या दशकात ते सुटे करून अगिल्किया बेटावर पुन्हा उभारले गेले. अबू सिंबेलची मंदिरे येथून पावणेतीनशे किलोमीटरहून दूर आहेत आणि बस पहाटे चारच्या सुमारास निघते. वाटेत वाळवंटाखेरीज काही नाही, पण सूर्योदय त्या वाळवंटातच होतो. १९६४ ते १९६८ या काळात दुसऱ्या रामसेसची ही डोंगरात कोरलेली मंदिरे तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेली गेली. टूर घेताना अबू सिंबेल मूळ किमतीत आहे की ‘ऐच्छिक’ यादीत, एवढे मात्र आधी विचारावे.

गाइडच्या बाबतीत ग्रुप टूरची जमेची बाजू मोठी आहे. मराठी टूर कंपनीबरोबर टूर मॅनेजर असतो आणि स्थानिक गाइडचे इंग्रजी आजीला कळले नाही, तर तो मराठीत सांगतो. दुसरीकडे, राजांच्या थडग्यांत गाइडला आत येऊन समजावता येत नाही, तो बाहेरच चित्रफलक दाखवून बोलतो. त्यामुळे दोघांचाच गाइड असेल, तर हवे ते प्रश्न बाहेर उभे राहून विचारून मग आत जाता येते. चिरीमिरीचा उपद्रवही मुक्काम करणाऱ्याला अधिक होतो. तेथील ‘बक्शिश’ हा आपल्या बक्षिसाचाच सख्खा भाऊ, पण मागण्यात अधिक चिकाटी असलेला. ग्रुपमध्ये टिपांची रक्कम बहुधा एकदाच गोळा केली जाते. तिकिटांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण अजिंठा-वेरूळला परदेशी पाहुण्यांना वेगळा दर असतो, तसाच तो तेथे आपल्याला लागतो. शाकाहारी माणसाची क्रूझवर भात, डाळ आणि सॅलडवर सोय होते. बाहेर भात, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा यांची कोशरी कोठेही मिळते आणि पोट भरते.

दहबिया, म्हणजे शिडांची छोटी नौका, हा तिसरा पर्याय आहे. गेबेल अल-सिलसिलाच्या दगडखाणींजवळ ती थांबते, मोठी जहाजे थांबत नाहीत. ती महाग आहे, आणि पहिल्याच फेरीत घेण्याची आवश्यकता नाही.

मे महिन्याच्या सुट्टीतच जाणे शक्य असेल, तर वाद न घालता क्रूझ घ्यावी, कारण त्या दिवसांत लक्सरला पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी परत येण्यासाठी वातानुकूलित खोली जवळ असणे हा चैनीचा भाग राहत नाही. आई-वडील बरोबर असतील तरीही क्रूझच, कारण बॅगा एकदाच उघडाव्या लागतात. दिवाळीनंतर किंवा जानेवारीत, चालण्याची सवय असलेल्या दोघा-चौघांनी जायचे असेल, तर मुक्काम करावा. लक्सर ते आस्वान रेल्वेने तीनेक तास लागतात. ज्यांना दोन्ही हवे आहे, त्यांनी विमानाने आधी आस्वानला जाऊन तेथून तीन रात्रींची उतरती क्रूझ घ्यावी, लक्सरला जहाज सोडावे आणि पश्चिम तीरावरच्या एखाद्या लहान हॉटेलात आणखी दोन रात्री राहावे. ग्रुप टूरमधून असे मागे राहता येते का, आणि परतीचे तिकीट त्याप्रमाणे बदलून मिळते का, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.