1/72 की 1/48, ब्रश की एअरब्रश: सांगलीत विमानाचं पहिलं किट घेताना

कवलापूरला विमानतळ व्हायचा तेव्हा होईल, पण टेबलावर सुट्या भागांच्या किटमधून प्लॅस्टिकचं विमान जोडायचा नाद लागलेली माणसं सांगली-मिरजेत आहेत. नव्यानं नादी लागणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. किट लहान घेऊ की मोठं? रंग ब्रशनं देऊ की हवेच्या जोरानं रंग फवारणारा एअरब्रश घेऊ? दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारले जातात आणि घोटाळा तिथंच होतो. आधी आवडीचं मोठं किट घरी येतं, मग ब्रशनं त्याच्या पंखांवर पट्टे उमटतात आणि अर्धवट विमान कपाटावर जाऊन बसतं. म्हणून दोन्हींची तुलना इथं एकत्रच केली आहे.

दीडपट म्हणजे किती

1/72 म्हणजे खऱ्या विमानाच्या सहा फुटांना मॉडेलचा एक इंच. 1/48 म्हणजे चार फुटांना एक इंच. लांबी-रुंदीत फरक दीडपटीचा, म्हणजे ऐकायला फारसा नाही. पण रंग पृष्ठभागाला द्यायचा असतो आणि तो सव्वादोनपट होतो.

आपल्या हवाई दलाचं जुनं, एकआसनी लढाऊ विमान नॅट घ्या. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा 6.73 मीटर. 1/72 मध्ये तो साडेनऊ सेंटिमीटरही भरत नाही, 1/48 मध्ये 14 सेंटिमीटर होतो. पंखांचं क्षेत्रफळ लहान किटमध्ये साधारण 24 चौरस सेंटिमीटर, मोठ्यात 55. मिग-21 चे पंख 23 चौरस मीटरचे, म्हणजे मॉडेलवर अनुक्रमे 44 आणि 100 चौरस सेंटिमीटर. आता सुखोई-30 एमकेआय. पंख 62 चौरस मीटर, म्हणजे 1/72 मध्ये 120 आणि 1/48 मध्ये जवळपास 270 चौरस सेंटिमीटर. लांबी 30 सेंटिमीटर किंवा मग 46.

या आकड्यांत एक गोष्ट लपली आहे. 1/72 च्या सुखोईचे पंख 1/48 च्या मिगपेक्षा मोठे आहेत. त्यामुळे ‘72 म्हणजे सोपं, 48 म्हणजे अवघड’ हा ऐकीव नियम अर्धाच खरा. रंगवताना तुमच्यासमोर सपाट जागा किती आहे, ते बघायचं.

सपाट जागेचं एवढं का? ब्रशचे पट्टे उमटतात त्याला कारण आहे. रंगाची ओली कड वाळायच्या आत ब्रशचा पुढचा हात तिला भेटला, तर दोन्ही एकजीव होतात. कड आधी वाळली की तिच्यावर दुसरा थर चढतो आणि उंचवटा राहतो. नॅटचा एक पंख तुम्ही कड ओली असतानाच संपवता. सुखोईचा पंख निम्म्यावर येतो तोवर सुरुवातीची कड वाळलेली असते. त्यात सांगलीचा एप्रिल, पारा चाळिशीला टेकलेला. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच घट्ट व्हायला लागतात. रंगात रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब घातले तर थोडी उसंत मिळते, किंवा सरळ पहाटे रंगवायला बसावं. पंखा बंद ठेवायला घरचे तयार असतील तर फारच उत्तम.

दोन पेट्या शेजारी ठेवल्या तर

1/48 ची खरी मजा कॉकपिटमध्ये आहे. आसनाचे पट्टे, डायलची पाटी, बाजूची बटणं हे सगळं रंगवता येतं आणि झाकण उघडं ठेवलं तर दिसतंही. 1/72 च्या नॅटमध्ये आसन नखाएवढं. झाकण बंद केलं की आत काळोख. आत काय रंगवलं ते तुम्हाला आणि देवाला ठाऊक. चाळिशीनंतर डोळे कुरकुर करू लागलेल्यांना 1/48 चे सुटे भाग हाताळायला बरे पडतात. 1/72 ची चाकाची झडप चिमट्यातून उडाली की फरशीवर ओणवं होऊन शोधायची.

1/72 ची मजा निराळी. विमान लवकर पूर्ण होतं आणि सुरुवातीला पूर्ण होण्याला फार किंमत असते. सांधे भरणं, घासणं, रंग पातळ करणं ही कौशल्यं नुसतं वाचून येत नाहीत, एकामागून एक विमानं केल्यावर हातात बसतात. एका मोठ्या किटच्या पैशांत दोन-तीन लहान बसत असतील, तर नवख्यानं बेलाशक लहान घ्यावीत. किटं बाहेरून येतात आणि त्यांच्यावरची कस्टम ड्यूटी 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्क्यांवर नेली गेली, 2023 मध्ये 70 वर. जुन्या मंडळींनी सांगितलेल्या किमती त्यामुळे विसरा. ऑनलाइन मागवताना कुरिअरचा खर्चही धरा. मोठ्या पेटीला तो जास्त लागतो.

जागेचा मुद्दा लोक शेवटी आठवतात. लहान विमानं पुस्तकांच्या फळीवर मावतात. 1/48 ची दोन-चार सुखोई-जग्वार जातीची विमानं झाली की काचेचं कपाट लागतं. खिडकीत मात्र काहीच ठेवू नये. उन्हानं डिकॅलचे (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचे) रंग उडतात आणि बारीक भाग वाकतात. गावभागात तळमजल्याला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको; 2019 च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. कपाट वरच्या मजल्यावर.

पेटीवरचं चित्र बघून किट घेऊ नका, साचा कोणत्या सालचा ते शोधा. तीच पेटी नव्या चित्रासह वर्षानुवर्षं विकली जाते आणि आतला साचा पन्नास वर्षांपूर्वीचा असू शकतो. पत्र्यांच्या जोडरेषा वर आलेल्या असतील तर साचा बहुधा जुना, कोरलेल्या असतील तर त्यामानानं नवा. जुन्या साच्यात सांधे नीट बसत नाहीत. फटीत लांबी (पुट्टी) भरून घासताना त्या उंच रेषाही घासल्या जातात. नवख्यासाठी 1/72 आणि 1/48 मधल्या फरकापेक्षा हा फरक मोठा आहे.

भारतीय विमान करायचं असेल तर आणखी एक मेख आहे. सहज मिळणारं एअरफिक्स कंपनीचं 1/72 नॅट हे दोनआसनी ट्रेनर, रेड अ‍ॅरोज या ब्रिटिश कसरतपथकाच्या लाल रंगातलं. आपल्या हवाई दलाची नॅट एकआसनी होती. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, हवाई दलाचे एकमेव परमवीर चक्रविजेते, यांचं विमान त्या ट्रेनरच्या पेटीतून होत नाही. ट्रेनरचं नाकाडही लांब आणि पंखही मोठे. एकआसनी एफ-1 चं किट शोधावं लागतं आणि भारतीय गोल चिन्हांचे डिकॅल पुष्कळदा वेगळे घ्यावे लागतात.

ब्रश, डबा आणि गन

गणपतीच्या कारखान्यात जुलैत डोकावलंत तर या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळेल. मूर्तीच्या अंगाला रंग स्प्रे गननं मारतात, डोळ्यांची आखणी ब्रशनं. मोठा, सलग पृष्ठभाग हवेच्या जोरानं, बारीक काम हातानं. विमानातही तसंच. एअरब्रश घेतला म्हणून ब्रश सुटत नाही. कॉकपिट, चाकं, पायलटचं हेल्मेट हे कायम ब्रशचंच काम. उलट एअरब्रश नसला तरी पुष्कळ विमानं छान होतात.

ब्रशचा सगळा खर्च म्हणजे दोन चांगले ब्रश, एक रुंद चपटा आणि एक शून्य नंबरचा. रंग इतका पातळ हवा की पहिल्या हाताला खालचं प्लॅस्टिक दिसलंच पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला तो झाकतो. पहिल्याच हातात झाकायची घाई केली की पट्टे आलेच. पिवळा, पांढरा आणि लाल हे ब्रशचे वैरी. लालखाली पांढरा किंवा गुलाबी थर द्यावा लागतो, म्हणून आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरतपथकाचं हॉक पहिल्यांदा घेऊ नये. चंदेरी त्याहून वाईट. 1965 ची चकचकीत नॅट लहान म्हणून सोपी वाटतात, पण त्या रंगात सांध्याचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. 1971 च्या युद्धात बऱ्याच विमानांवर शत्रूच्या नजरेला चकवणारा कॅमोफ्लाज रंग चढला. तोच नवख्याचा मित्र, कारण ठिपक्या-पट्ट्यांनी मोठी जागा लहान तुकड्यांत मोडते आणि प्रत्येक तुकडा ओल्या कडेतच संपतो.

स्प्रेचा डबा हा मधला मार्ग. ऑटोमोबाइलच्या दुकानात राखाडी प्रायमर मिळतो आणि तो चांगला चालतो. फक्त लांबून, भुरभुरता, अनेक हातांत मारायचा. एकदम भिजवला तर त्यातलं थिनर प्लॅस्टिक चाटतं आणि कोरीव रेषा बुजतात. एकरंगी राखाडी विमानाला डबा पुरेसा आहे. दोन रंगांमधली मऊ, धुरकट कड मात्र त्यानं येत नाही.

ती कड फक्त एअरब्रश देतो आणि त्याच्या बाजूनं हा सर्वांत मोठा मुद्दा आहे. पण हिशेब पूर्ण मांडा. 0.3 मिलिमीटर नोझलचा, वर कप असलेला, डबल अ‍ॅक्शन (एकाच बटणानं हवा आणि रंग दोन्ही आवरणारा) एअरब्रश. टाकी, रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा सापळा असलेला कॉम्प्रेसर. वाफा अडवणारा मास्क आणि खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा. शिवाय प्रत्येक रंगानंतर साफसफाई, जिच्याबद्दल विकणारा अवाक्षर काढत नाही. पंधरा मिनिटं रंगवायला तेवढाच वेळ धुण्यात जातो. सुईच्या टोकावर रंग वाळला की थुंकल्यासारखे शिंतोडे उडतात. ओळखीच्या मूर्तिकाराचा कॉम्प्रेसर वापरता येतो, पण दाब 15 ते 20 पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर लावून. त्याची गन मात्र उपयोगाची नाही, तिचं नोझल फार मोठं असतं. आणि भाद्रपदाच्या तोंडावर कॉम्प्रेसर मागायला जाऊ नये, एवढा व्यवहार कळतोच.

पावसाळ्यात हवेतला दमटपणा सापळ्यात पाणी होऊन साठतो. तो वरचेवर रिकामा केला नाही तर एक थेंब येऊन पंखाच्या मधोमध बसतो. लॅकर वार्निशवर पांढरट धुकं धरतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. शेवटचं वार्निश कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.

रंगाच्या जातीबद्दल थोडक्यात. इनॅमल सावकाश वाळतो आणि स्वतःच सपाट होतो, म्हणून ब्रशला उत्तम. पण टर्पेंटाइनचा वास फ्लॅटभर फिरतो आणि जूनमध्ये दिव्याभोवती येणारी चिलटं ओल्या पंखावर चिकटतात. पाण्यातले मॉडेलचे अ‍ॅक्रिलिक घरात वापरायला सोयीचे. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशमधून सुरेख बसतात, ब्रशनं मात्र दुसरा हात पहिल्याला उचलतो. स्टेशनरीतल्या ट्यूबचे रंग कॅनव्हाससाठी असतात, प्लॅस्टिकवर त्यांची पकड बसत नाही.

मग घ्यायचं काय

कुणासाठी घेताय ते आधी ठरवा. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 1/72 चा स्टार्टर सेट, ज्यात रंग, गोंद, ब्रश सगळं येतं. शेजारी एक मोठं माणूस बसलेलं हवं. चाळिशीच्या पुढच्या आणि बारीक कामाची हौस असलेल्या माणसाला मी 1/48 ची मिग-21 सुचवेन. 1963 साली आलेलं हे विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला निवृत्त झालं, त्यामुळे त्याच्याबद्दल जिव्हाळा आहेच. पण माझं कारण साधं आहे. पंख लहान आणि कॉकपिट पुरेसं मोठं, म्हणजे 1/48 चं सुख ब्रशच्या आवाक्यात. 1971 चा कॅमोफ्लाज घ्या, नवा साचा घ्या.

बाकी सगळ्यांना 1/72 ची मिग किंवा एकआसनी नॅट. दोन्हींना नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. जाळ्याला लावतात त्या शिशाच्या लहान गोळ्या यासाठी अगदी योग्य. धड चिकटवण्याआधी त्या आत पक्क्या करा, भाग टेपनं धरून विमान चाकांच्या जागी टेकवून बघा आणि नाक खाली गेलं की मगच सांध्यात पातळ सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून जोडणारा गोंद, सोडा. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकचा बारीक धागा वर आला पाहिजे. तो रात्रभर वाळू द्या, सकाळी पात्यानं खरवडा, मग 600 आणि 1000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून फिरवा. बोटाला सांधा लागत नाही, इथवर आलात की रंगाचा निम्मा प्रश्न सुटला. एअरब्रशचा विचार चार-पाच विमानं पूर्ण झाल्यावर करा. तोवर तुम्हाला खरोखर मऊ कडा हव्यात का, तेही कळलेलं असेल. हव्याच असतील तर स्वस्तातला बिनटाकीचा छोटा कॉम्प्रेसर टाळा, त्याचा दाब धडधडत येतो आणि रंगात तो दिसतो.

आणि हे वाचण्याआधीच 1/48 ची सुखोई घरी आली असेल, तर पेटी फोडा, भाग मोजून घ्या, कमी असतील तर मुदतीत विक्रेत्याला कळवा. डिकॅलचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट ठेवून द्या आणि पेटी कपाटात वर सरकवा. प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून आलेले भाग इतक्यात कापू नका. सुटे झाल्यावर त्यांचे नंबर कुणालाच आठवत नाहीत.