'कट्यार'चा अल्बम, यंदा हेडफोन लावून

मी तबल्याची शिकवणी घेतो, त्यामुळे गाणं लागलं की कान आधी ठेक्याकडे जातो. २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हा याच खोडीपायी मी नाक मुरडलं होतं. जितेंद्र अभिषेकींनी १९६७च्या नाटकासाठी बांधलेली पदं शंकर-एहसान-लॉय या हिंदी सिनेमाच्या संगीतकार त्रिकुटाच्या हाती गेली, आता व्हायोलिनांचा नुसता धबधबा! गेल्या आठवड्यात अख्खा अल्बम सलग ऐकला.

माझा अंदाज निम्मा खरा निघाला. 'सूर निरागस हो' अजूनही गुळगुळीतच वाटतं. गणपतीत मांडवामांडवांतून ऐकून कान किटलेत, तेही असेल.

पण महेश काळेंचं 'अरुणि किरणी'! मैफलीत गवई तानेआधी, म्हणजे वेगाने घ्यायच्या स्वरांच्या लडीआधी, जागा करून घेतो, तालाची दोन-चार आवर्तनं स्वर भरतो, तबलजीकडे बघून हसतो. सिनेमाच्या गाण्यात ही चैन कुठली? इथे तान आली की लगेच समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं. तरी तानेतला दाणा, म्हणजे एकेक सुटा स्वर, कुठे पुसट होत नाही. एक जागा मी चार वेळा मागे नेऊन ऐकली, मांडीवर मात्रा मोजत. याच गाण्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला पावती आधीच मिळाली होती. ख्याल म्हटलं की जांभया देणारी माझी पोरं शिकवणीला येताना ही तान गुणगुणायला लागली. बेसूर, पण लयीत. काळेंना, अभिषेकीबुवांच्या या शिष्याला, हा श्रोता सिनेमाने मिळवून दिला, आणि त्यासाठी गळा सोपा करावा लागला नाही.

राहुल देशपांडेंचं काम जास्त अवघड होतं. आजोबा वसंतराव देशपांडेंनी रंगमंचावर गाजवलेल्या खाँसाहेबांच्या भूमिकेला नातवाने आवाज द्यायचा, म्हणजे तुलना ठरलेली. 'सुरत पिया की'मध्ये आजोबांची आक्रमकता आहे, नक्कल नाही. वसंतराव मात्र तान अशी फेकायचे की पुढे काय होणार याची धास्ती वाटायची. इथे ती वाटत नाही.

आणि तबला? वाद्यमेळात पार मागे ढकललाय. फोनच्या स्पीकरवर बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, मला ऐकूच आला नाही, हेडफोनवर कुठे घुमारा सापडला. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या डग्ग्यापायी गेला.